बीडच्या एसटीवरचं इंग्लंडमधलं गाव

बीडच्या बसस्थानकात पहाटेची गाडी फलाटाला लागली की सगळ्यांची नजर आधी पाटीवर जाते. माजलगाव, पाटोदा, धारूर, अंबाजोगाई. आपली पाटी दिसली की पिशव्या उचलायच्या, खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि चढायचं. पाटीच्या खाली, काचेच्याही खाली, समोरच्या जाळीवर आणखी एक नाव असतं. ते नाव गाडीबरोबर वाड्यावस्त्यांपर्यंत फिरून येतं, पण वाचत कुणी नाही, कारण त्या नावाच्या गावाला आपल्याला जायचं नसतं.

‘अशोक लेलँड.’

मला कित्येक वर्षं वाटायचं की यातला अशोक म्हणजे सम्राट अशोक आणि लेलँड म्हणजे कुणीतरी गोरा साहेब. दोन्ही चूक. अशोक हा एक मुलगा होता. आणि लेलँड हे खरोखरच एक गाव आहे! इंग्लंडच्या वायव्येला, प्रेस्टन शहराच्या जवळ, लँकेशायर परगण्यात. शाळेच्या इतिहासात आपल्याला कापडगिरण्यांमुळे भेटलेलं तेच लँकेशायर.

या गावाच्या नावाची कंपनी वाढत वाढत एवढी झाली की ब्रिटिश मालकीच्या जवळजवळ सगळ्या मोठ्या मोटारकंपन्या तिच्या पोटात गेल्या. आणि मग पंचवीस वर्षांत तिचे इतके तुकडे झाले की त्या गावात आज त्या नावाची एकही बस तयार होत नाही. बीडमध्ये मात्र ते नाव रोज पहाटे फलाटाला लागतं. हे कसं झालं, याचा माग काढताना मला जे सापडत गेलं त्याने मी अजून चकित आहे.

आधी एक साधी गोष्ट सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपण जिला एक बस म्हणतो त्या खरं तर दोन वस्तू असतात. एक चासी: दोन लांब पोलादी तुळया, त्यांना पुढे बसवलेलं इंजिन, मग क्लच, गिअरबॉक्स, मागच्या चाकांपर्यंत गेलेला शाफ्ट, पाटे, ब्रेक. आणि दुसरी बॉडी: पत्रा, खिडक्या, बाकं, दार, वर सामानाचा टप. बस बनवणारी कंपनी पुष्कळदा फक्त चासी विकते. महामार्गावर तुम्ही कधी तरी पाहिलं असेल, नुसता सांगाडा धावत असतो, वर छत नाही, पुढे काच नाही, आणि डोक्याला उपरणं घट्ट बांधलेला, डोळ्यांवर गॉगल चढवलेला ड्रायव्हर उघड्यावर बसून स्टिअरिंग धरून चाललेला असतो. ऊन, पाऊस, समोरून येणारे किडे, सगळं अंगावर घेत. ती चासी कारखान्यातून बॉडी चढवायला निघालेली असते.

आपल्या एसटीच्या अशा बॉड्या चढवणाऱ्या तीन मोठ्या कार्यशाळा आहेत: पुण्याजवळ दापोडी, नागपूरला हिंगणा आणि मराठवाड्याच्या वाट्याला आलेली चिकलठाण्याची. म्हणजे लालपरीचं काळीज बाहेरून आलेलं, पण अंग आपल्याच माणसांनी घडवलेलं. पत्रे कापणारे, रिव्हेट ठोकणारे, बाकांचे सांगाडे जोडणारे, रंग मारणारे असे शेकडो हात. जुनी अॅल्युमिनियमची बॉडी उतरवून त्याच चासीवर नवी पोलादी बॉडी चढवण्याचं कामही या कार्यशाळांनी केलं. एकाच गाडीला दोनदा जन्म देणं म्हणजे काय असतं, ते इथल्या कामगारांना विचारावं.

हे दोन भाग वेगळे असतात म्हणूनच बसच्या धंद्यात नावं एकमेकांत एवढी गुंततात. चासी एकाची, बॉडी दुसऱ्याची, इंजिन कधी तिसऱ्याचं. आणि म्हणूनच या धंद्यात कंपन्यांना एकमेकींना गिळायचा मोह फार.

लेलँड गावात 1896 साली लँकेशायर स्टीम मोटर कंपनी सुरू झाली. सम्नर आणि स्परिअर ही दोन घराणी तिच्या मागे होती. पहिलं वाहन वाफेवर चालणारं, दीड टन माल नेणारं. सम्नर त्याआधी वाफेवर चालणारं गवत कापायचं यंत्रही बनवून विकत होते. कोळसा टाकायचा, पाणी उकळायचं, वाफ धरायची आणि मग हिरवळ कापायची! त्या काळच्या माणसांचा यंत्रावरचा विश्वास पाहून मला त्यांच्याबद्दल माया वाटते. 1904 मध्ये त्यांनी पेट्रोलवर चालणारी पहिली गाडी केली. ती इतकी हट्टी निघाली की कारखान्यात तिचं नाव पडलं ‘डुक्कर’. पुढच्याच वर्षी त्यांच्या बस लंडनच्या रस्त्यावर होत्या आणि 1907 मध्ये कंपनीने गावाचंच नाव घेतलं: लेलँड मोटर्स.

पहिल्या महायुद्धात त्यांनी ब्रिटिश वायुदलाला सुमारे 6,000 ट्रक पुरवले. युद्ध संपल्यावर तेच ट्रक स्वस्तात बाजारात आले आणि कंपनीच्या नव्या मालाला गिऱ्हाईक उरेना. तेव्हा त्यांनी आपलेच जुने ट्रक परत विकत घेतले, खोलून, दुरुस्त करून पुन्हा विकले. आपल्या कामाचं नाव खराब होऊ नये म्हणून. या खटाटोपात कंपनी बुडता बुडता वाचली. मला वाटतं, लेलँडच्या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा निर्णय आहे.

त्यानंतर आलं प्राणिसंग्रहालय. लेलँडच्या गाड्यांची नावं पाहा: लायन, टायगर, लेपर्ड, चीता, बायसन, हिप्पो, ऱ्हायनो, बीव्हर, आठ चाकी ट्रकला ऑक्टोपस. 1927 मध्ये आलेली टायटन ही दुमजली बस एवढ्या कमी उंचीची आणि स्थिर होती की इंग्लंडमधल्या दुमजली बसचा घाटच तिने बदलून टाकला. यातली हिप्पो, बीव्हर, टायटन, चीता ही नावं पुढे जशीच्या तशी भारतात आली. आपल्याकडे जंगलातून चित्ते संपले तरी रस्त्यावर ते धावत होते.

आता बीडकडे येऊ.

बीड शहरात रेल्वे आली ती 17 सप्टेंबर 2025 रोजी. त्या दिवशी अहिल्यानगर ते बीड गाडी सुरू झाली. जिल्ह्याच्या एका कडेला परळीत निजामाच्या काळापासून आगगाडी होती, पण बाकीच्या जिल्ह्याला रेल्वे म्हणजे पुढाऱ्यांच्या भाषणातली गोष्ट. एवढ्या वर्षांत बाळंतीण, परीक्षार्थी, कोर्टाच्या तारखेचा माणूस, माहेरवाशीण, सगळ्यांना नेलं आणलं ते चार चाकांवरच्या पेटाऱ्याने. म्हणून बीडमध्ये बसचा इतिहास हा दळणवळणाचा जवळजवळ सगळाच इतिहास आहे.

तो सुरू होतो निजामाच्या रेल्वेपासून. 1932 मध्ये निजामाच्या सरकारी रेल्वेने स्वतःचं रस्ते वाहतूक खातं काढलं. 27 बस आणि 166 कर्मचारी. रेल्वे कंपनीनेच बस चालवायच्या! जिथे रूळ पोचत नाहीत तिथला प्रवासी बसने आणून गाडीत बसवायचा, हा त्यामागचा विचार. त्या पहिल्या काळातली एक बस हैदराबादला अजून जपून ठेवली आहे. लोक तिला डेक्कन क्वीन म्हणतात. ती आहे अल्बियन कंपनीची, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची. अल्बियनच्या गाड्यांच्या तोंडावर उगवत्या सूर्याची खूण असायची. हे अल्बियन नाव लक्षात ठेवा.

मग 1948 उजाडलं. 1 जूनला नगरच्या माळीवाड्यातून पुण्याला पहिली एसटी सुटली, बेडफर्ड कंपनीची. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे. नगर मुंबई प्रांतात, आणि त्याला लागून असलेलं आष्टी, पाटोदा निजामाच्या हद्दीत. पहिली एसटी बीडच्या उंबऱ्यापर्यंत आली होती, पण उंबरा दुसऱ्या राज्याचा होता. त्याच वर्षी 7 सप्टेंबरला तिकडे मद्रासमध्ये अशोक मोटर्स नावाची कंपनी नोंदवली गेली. आणि बरोबर दहा दिवसांनी, 17 सप्टेंबरला, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झालं. या तीन तारखा मी एकाखाली एक लिहिल्या तेव्हा मला क्षणभर काही सुचेना. यांचा एकमेकींशी काहीही संबंध नव्हता, आणि बीडच्या फलाटावर पुढे त्या तिन्ही एकत्र येणार होत्या.

विलीन हा शब्द बीडच्या माणसाला शिकवावा लागत नाही. तो त्याने दोनदा जगला आहे: एकदा संस्थानाच्या वेळी, आणि एकदा 2021 च्या दिवाळीत, जेव्हा एसटी कर्मचारी महामंडळाचं राज्य सरकारात विलीनीकरण करा म्हणून संपावर गेले आणि कित्येक महिने आगारांत गाड्या धूळ खात उभ्या राहिल्या. या दोहोंच्या मधल्या काळात बीडच्या बसचा मालक कितीदा बदलला ते बघा. आधी निजामाची रेल्वे. 1951 मध्ये रेल्वे केंद्राकडे गेली आणि बस हैदराबाद राज्य सरकारकडे. 1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला. 1 मे 1960 ला त्या राज्याचे दोन झाले, गुजरातच्या बस गुजरातला गेल्या. आणि 1961 मध्ये मुंबई राज्याचं जुनं महामंडळ, नागपूरची सेवा आणि मराठवाड्याची सेवा जोडून आजचं महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळ उभं राहिलं. प्रवासी त्याच झाडाखाली उभा होता. थांबाही तोच.

सुरुवातीच्या एसटीकडे कोणकोणत्या कंपन्यांच्या गाड्या होत्या? बेडफर्ड, शेव्हर्ले, स्टुडबेकर, सेडन, कॉमर, फियाट, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड. पुणे–महाबळेश्वर मार्गावर नीलकमल आणि गिरिआरोहिणी अशा दोन खास आरामगाड्या होत्या, त्यांची चासी मॉरिसची. ज्या मेस्त्रींनी या सगळ्या जातींच्या गाड्या एकाच आगारात चालत्या ठेवल्या असतील, त्यांना माझा दंडवत. एकीचा नट दुसरीला बसत नाही, एकीचा पाटा तिसरीला लागत नाही. या यादीतली तीन नावं बाजूला काढू: अल्बियन, मॉरिस, लेलँड. एका आगारात शेजारी शेजारी उभ्या असलेल्या, तीन वेगळ्या गावांहून आलेल्या. त्यांना पाहून कुणाला वाटलं असतं की पुढे या तिघींचं आडनाव एक होणार आहे?

लेलँडने 1951 मध्ये अल्बियन विकत घेतली. 1955 मध्ये स्कॅमेल. 1961 मध्ये स्टँडर्ड-ट्रायम्फ, म्हणजे आता मोटारीही आल्या. 1962 मध्ये तिने आपली सगळ्यांत जुनी प्रतिस्पर्धी एईसी ताब्यात घेतली. लंडनची जगप्रसिद्ध लाल दुमजली रूटमास्टर बनवणारी ती हीच. तिच्याबरोबर बॉडी बांधणारे कारखानेही आले, त्यांत लीड्स शहरातला चार्ल्स रो यांचा एक. हा लीड्सचा कारखानाही लक्षात ठेवा. 1967 मध्ये रोव्हर आली.

या काळात लेलँडचा दबदबा केवढा होता याची एक गोष्ट सांगतो. 1964 मध्ये अमेरिकेने क्यूबाची नाकेबंदी केलेली असताना लेलँडने क्यूबाला 450 बस विकल्या. अमेरिका संतापली, पण इंग्लंड बधलं नाही. त्यातल्या 42 बस घेऊन निघालेलं पूर्व जर्मनीचं जहाज लंडनच्या थेम्स नदीतच दुसऱ्या जहाजाशी टक्कर होऊन आडवं झालं. नव्याकोऱ्या बस नदीच्या पाण्यात. तरी व्यवहार थांबला नाही आणि हवानाच्या रस्त्यांवर लेलँड धावली. हा सौदा जमवणारे डोनाल्ड स्टोक्स मूळचे लेलँडचेच, विक्रीत नाव कमावलेले. आणि त्यांच्याच हातात पुढे सगळी सूत्रं आली.

1968. इंग्लंडच्या सरकारची इच्छा होती की परदेशी कंपन्यांपुढे टिकायचं तर देशी मोटारधंद्याने एक व्हावं. दुसऱ्या बाजूला ब्रिटिश मोटर होल्डिंग्ज होती: तिच्यात ऑस्टिन होती, मॉरिस होती, जग्वार होती. लेलँड आणि ती एक झाल्या. ब्रिटिश लेलँड. जवळपास दोन लाख कामगार. देशातल्या मोटारींच्या बाजारातला सुमारे चाळीस टक्के वाटा. ट्रक, बस, ट्रॅक्टर, छोटी मिनी, राजेशाही जग्वार, शेतातली लँड रोव्हर, सगळं एका छपराखाली.

इथे आपला अशोक येतो. रघुनंदन सरन हे स्वातंत्र्यचळवळीतले माणूस. नेहरूंनी त्यांना नव्या देशासाठी आधुनिक कारखानदारीत उतरायला सांगितलं. त्यांनी मद्रासच्या उत्तरेला एन्नोरच्या खाडीजवळ कारखाना काढला आणि त्याला आपल्या मुलाचं नाव दिलं. सुरुवातीला तिथे कोणती गाडी जोडली जायची? ऑस्टिनची मोटार! दोन वर्षांत लेलँडशी करार झाला, 1955 मध्ये लेलँडने भांडवल घातलं आणि नाव झालं अशोक लेलँड. म्हणजे अशोकने ऑस्टिनचा हात सोडून लेलँडचा धरला, आणि तेरा वर्षांनी इंग्लंडमध्ये त्या दोघी एकाच घरात नांदायला आल्या.

मग एवढं मोठं घर मोडलं का?

आपल्याकडे एकत्र कुटुंबाबद्दल म्हणतात, घर एक पण चुली वेगळ्या. ब्रिटिश लेलँडमध्ये नेमकं तेच होतं. कागदावर कंपनी एक झाली, पण ऑस्टिनचे विक्रेते मॉरिसच्या विक्रेत्यांशी भांडत राहिले, ट्रायम्फची मोटार रोव्हरच्या मोटारीचंच गिऱ्हाईक पळवत राहिली. डझनांनी कारखाने, प्रत्येकाची वेगळी वहिवाट, वेगळ्या संघटना, वेगळे पगार. संप तर रोजचेच. एका कारखान्यात काम थांबलं की दुसऱ्या चार ठिकाणी माल अडायचा. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले आणि आधीच फाटलेलं आभाळ आणखी फाटलं.

पण मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ती बस आणि ट्रकच्या भागाची. तो कमावता भाऊ होता. त्याच्याकडे नाव होतं, निर्यात होती, नफा होता. तो नफा मोटारींची भोकं बुजवायला गेला. नवं इंजिन घडवायचं, नवी चासी आखायची, तर पैसा नाही. त्याच काळात स्वीडनच्या व्होल्वो आणि स्कॅनिया शांतपणे आपली यंत्रं सुधारत होत्या.

शिवाय बसमध्ये लेलँडने जुन्या वैरिणी एकामागून एक संपवल्या. एईसीचा साउथॉलचा कारखाना 1979 मध्ये बंद. अल्बियनचं नाव त्याआधीच, 1972 मध्ये, पुसलं गेलेलं. बस चालवणाऱ्या संस्थांना आता एकाच दुकानातून माल घ्यावा लागत होता आणि एकाच दुकानातून घ्यावं लागणं कुणालाच आवडत नाही. त्यांनी मुद्दाम बाहेरच्यांना बोलावलं. एकाधिकार मिळवताना लेलँडने स्वतःच्याच दाराशी स्पर्धक आणून उभे केले होते.

1975 मध्ये सरकारने कंपनी ताब्यात घेतली. पुढच्या सरकारने ती विकायला काढली. आणि नेमकं ऑक्टोबर 1986 मध्ये ब्रिटनमधली लंडनबाहेरची बससेवा खुली करण्यात आली, कुणीही कुठल्याही मार्गावर बस चालवावी. अशा गोंधळात नव्या बस विकत कोण घेणार? मागणी कोसळली. 1987 च्या जानेवारीत बसचा भाग तिच्याच व्यवस्थापकांनी विकत घेतला. ट्रकचा भाग त्याच वर्षी नेदरलँड्सच्या डाफशी जोडला गेला. 1988 मध्ये बसचा भाग व्होल्वोने घेतला, आणि 1993 मध्ये वर्किंग्टनचा शेवटचा बसकारखाना बंद झाला. लेलँड नावाची बस इंग्लंडमध्ये बनायची थांबली. लेलँड गावातला कारखाना अजून आहे. तिथे डाफ नावाचे ट्रक बनतात, मालक अमेरिकन.

आपल्या बोलीत आज वातानुकूलित गाडीला सरसकट ‘व्होल्वो’ म्हणतात, मग ती कुणाचीही असो. पुण्याहून येणारा पोरगा फोनवर सांगतो, व्होल्वोने निघालोय. त्याला ठाऊक नसतं की त्याच नावाच्या कंपनीने लेलँडचा बसचा धंदा गिळला होता.

मात्र जे गिळलं गेलं नाही ते इकडे होतं. ऊस लावणाऱ्याला हे लगेच कळेल. उसाला बी पेरत नाहीत. उभ्या उसाची कांडी तोडून, तिचा डोळा शाबूत ठेवून ती सरीत दाबतात. मूळ ऊस कारखान्यात जाऊन चरकात पिळला जातो, आणि कांडीचा मात्र नवा फड उभा राहतो. 1950 च्या सुमारास एन्नोरच्या खाडीजवळ अशी एक कांडी दाबली गेली होती. तिने इथे स्वतःची मुळं धरली: 1980 मध्ये होसूर, 1982 मध्ये आपल्या महाराष्ट्रात भंडाऱ्याला कारखाना. 1987 मध्ये, मूळ कंपनीचा बसचा भाग विकला गेला त्याच वर्षी, अशोक लेलँडमधला परदेशी हिस्साही हिंदुजा समूह आणि इटलीच्या इव्हेकोने घेतला, आणि नंतर तो पूर्णपणे हिंदुजांकडे आला.

आता तो लीड्सचा कारखाना आठवा, रो यांचा. लेलँडने तो 1984 मध्ये बंद केला होता. पण तिथल्या काही जुन्या माणसांनी हार मानली नाही. पुढच्याच वर्षी त्यांनी त्याच आवारात ऑप्टेअर नावाने नवी कंपनी काढून पुन्हा बस बांधायला सुरुवात केली. 2010 मध्ये या ऑप्टेअरमधला 26 टक्के हिस्सा एकाने विकत घेतला आणि दोनेक वर्षांत बहुमताची मालकीही मिळवली. हा विकत घेणारा कोण? अशोक लेलँड! मुलाने आईच्या मोडलेल्या घरातली एक खोली परत घेतली. पुढे ऑप्टेअरचं नाव झालं स्विच, आणि 2023 पासून मुंबईत बेस्टची जी विजेवर चालणारी, वातानुकूलित दुमजली बस धावते, ती याच स्विचची.

आणि एवढ्यावरही हे संपत नाही. बीडच्या आगारात लेलँडशेजारी दुसरी गाडी उभी असते ती टाटाची. टाटांनी ट्रक बनवायला सुरुवात केली ती 1954 मध्ये जर्मनीच्या डाइमलर-बेंझच्या साथीने. त्यांचा लेलँडशी काही संबंध नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो असतो. पण 2008 मध्ये टाटा मोटर्सने जग्वार आणि लँड रोव्हर विकत घेतल्या. जग्वार आणि लँड रोव्हर, 1968 च्या त्या एकत्र घरातल्या दोघी. म्हणजे ज्या कंपनीला एके काळी ब्रिटनचा अभिमान म्हणत, तिचे काही तुकडे आज नेमके त्या दोघांकडे आहेत ज्यांच्या गाड्या बीडच्या फलाटावर एकीमागे एक लागतात. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी हातातला कागद खाली ठेवला आणि थोडा वेळ नुसता बसून राहिलो.

2024 मध्ये एसटीने अशोक लेलँडकडे 2,104 नव्या बसची मागणी नोंदवली. या गाड्या बॉडीसकट तयार होऊन येणाऱ्या, चिकलठाण्याला चासी नेऊन अंग चढवायचं काम यांना नाही. ज्या हातांनी पिढ्यान्‌पिढ्या पत्रा वळवला त्यांच्यासाठी ही गोष्ट साधी नाही, आणि ती साधी असल्यासारखं मला लिहिता येणार नाही. या गाड्यांचं नाव आहे वायकिंग. हे नाव लेलँडच्या प्राणिसंग्रहालयातलं नाही. ते अल्बियनचं. ग्लासगोच्या त्या कंपनीची वायकिंग नावाची बस होती. निजामाच्या रेल्वेने ज्या अल्बियनच्या गाडीत आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातला प्रवासी बसवला, तिचं नाव पुसलं गेलं, आणि तरी त्यातला एक शब्द पुन्हा बीडकडे आला आहे.

सकाळची गाडी बीड सोडते आणि मांजरसुंब्याच्या घाटाला लागते. ड्रायव्हर एक गिअर खाली घेतो, इंजिनाचा आवाज भरतो, खिडकीला डोकं टेकलेली म्हातारी जागी होते. समोरच्या काचेत डोंगराआडून सूर्य वर येत असतो, जसा अल्बियनच्या गाड्यांच्या तोंडावर असायचा. मागून कंडक्टर येतो. तिकिटाचं मशीन हातात धरून विचारतो, “मावशी, कुठलं देऊ?”